मामांच्या 211 रेकॉर्डी आणि साठ सेंटिमीटरचा कप्पा : कामाच्या नोंदी

2 जून 2024, वाई

मामा-मामी सप्टेंबरात वाईचं घर सोडून पुण्याला येणार. कोथरूडला, मुलीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. तिथल्या कपाटात रेकॉर्डींसाठी खालचा एक कप्पा मिळालाय, रुंदी 60 सेंटिमीटर. आज टेप लावून मोजलं तर इथल्या फळीवर त्या 94 सेंटिमीटर भरल्या. म्हणजे तिसरा हिस्सा तरी घराबाहेर जाणार. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या संगणकावर आवाज उतरवून, म्हणजे फाइल करून, सोडायच्या, हे बघायचं काम मी अंगावर घेतलं.

मोजदाद अशी : लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या (पुढे नुसतं '78' म्हणते त्या) 96. एलपी, म्हणजे मोठ्या, 33⅓ फेऱ्यांच्या, 74. ईपी, म्हणजे छोट्या, 45 फेऱ्यांच्या, 41. एकूण 211. शिवाय 63 कॅसेट निघाल्या. त्या कोणी हिशेबातच धरल्या नव्हत्या, फळीमागे पत्र्याच्या डब्यात पडून होत्या.

अशी एखादी फळी बऱ्याच घरांत असते आणि घर बदलताना ती रद्दीवाल्याकडे जाते. म्हणून कुठे काय चुकलं, किती खर्च झाला, सगळं लिहून ठेवतेय.

ठरवलेला क्रम : आधी एलपी, मग 78, वेळ उरला तर कॅसेट. (हा क्रम चुकीचा होता. 11 ऑगस्टची नोंद वाचा आणि तुम्ही तसं करू नका.)

9 जून

मामांचा जुना चेंजर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, चालू करून पाहिला. फिरतो, पण सूर हलतो. मोटर आणि रेकॉर्डखालच्या फिरत्या ताटलीच्या मधलं रबराचं चाक दगडासारखं कडक झालंय. साताऱ्याच्या एका मेकॅनिककडे दिला. दोन आठवड्यांनी देतो म्हणाले, 1,800 रुपये.

23 जून

चेंजर परत आला. चाक घासून दिलंय, सूर आता हलत नाही. खूश होऊन दोन तबकड्या वाजवल्या. मग शंका आली म्हणून रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून एका मिनिटातल्या फेऱ्या मोजल्या. 82 भरल्या. असायला हव्यात 78. शंभराला पाच जास्त, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर वर.

पेटी काढून ताडून पाहिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची तबकडी लावली. षड्ज धरला आणि मामांना पट्टी सांगितली. मामा म्हणाले, "अगं, हीच त्यांची पट्टी. चाळीस वर्षं हीच ऐकतोय." चाक आत्ता घासलंय, तेव्हा चाळीस वर्षं वेग नेमका हाच होता असं म्हणता येणार नाही. पण हा चेंजर पहिल्यापासून चढा पळायचा, असं मामीही म्हणाल्या.

शिवाय याची सुई जड बसते. हात उचलून पाहिला तर बोटाला वजन जाणवतं. एलपीच्या बारीक खाचेवर हे वजन नको. तीन आठवडे आणि 1,800 रुपये गेले. चेंजर बाजूला ठेवला, विकला मात्र नाही.

30 जून, पुणे

तीन वेगांचा टर्नटेबल वापरलेला घेतला, 16,500 रुपये. बघायला जाताना 78 चा वेग आहे ना, हे आधी विचारा. आजच्या पुष्कळ नव्या टर्नटेबलांवर फक्त 33 आणि 45 असतात. मीच एका ठिकाणी न विचारता हडपसरपर्यंत जाऊन आले.

वेग तपासायला रेघांची चकती छापून घेतली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. त्या उजेडात 180 रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं की 33⅓ बरोबर, आणि 77 रेघांचं स्थिर दिसलं की 78 बरोबर (काटेकोर सांगायचं तर 77.92). एलईडी दिव्याखाली मला काहीच दिसेना. अर्धा तास टर्नटेबलच बिघडलाय असं समजत होते. शेवटी शेजारच्या जिन्यातल्या जुन्या ट्यूबखाली नेऊन पाहिलं, तेव्हा रेघा थांबल्या.

तीच खाँसाहेबांची तबकडी मामांना फोनवरून ऐकवली. म्हणाले, "बसका वाटतो गं आवाज." मी गप्प राहिले. हा वेग बरोबर आहे हे मला माहीत होतं, पण त्यांच्या कानात जे चाळीस वर्षं मुरलंय ते खोटं आहे असं कोणत्या तोंडाने सांगू? दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "पुन्हा लाव. परवा घाईत ऐकलं. या वेगात त्यांचा श्वास कळतो."

7 जुलै

आजची चूक सगळ्यात महाग पडली.

एलपी धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण केलं होतं. एक भाग अल्कोहोल, चार भाग पाणी. पावसाळ्यात वाईच्या त्या खोलीत बुरशी धरलेल्या एलपी त्याने छान निघाल्या. त्याच ओघात पुढची तबकडी हातात घेतली. ती हिराबाई बडोदेकरांची 78 होती. फडकं फिरवलं. पांढऱ्या कापडावर काळा डाग उमटला. मला वाटलं, केवढी घाण आहे. आणखी एकदा फिरवलं. डाग आणखी गडद. मग रेकॉर्ड खिडकीशी तिरकी धरून पाहिली. जिथे फडकं फिरलं होतं तिथली चकाकी गेली होती, कमानीसारखा एक मंद पट्टा उठला होता. फडक्यावर आलेली घाण नव्हती, ती रेकॉर्डच होती.

78 ची तबकडी लाखेची. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आमच्या दारांना तसंच पॉलिश व्हायचं. तरी हात थांबला नाही. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, पुन्हा साधं डिस्टिल्ड वॉटर, लगेच टिपून उभी वाळवायची. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मी वाटीचं झाकण लेबलवर दाबून धरते.

ती रेकॉर्ड वाजते. पहिल्या मिनिटात पट्टा आला की सूं असा आवाज येतो आणि जातो. मामांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दुसरी बाजू शाबूत आहे ना?" आहे.

14 जुलै

78 साठी वेगळी सुई आली, 3,900 रुपये, मागवल्यापासून 15 दिवस. एलपीची सुई साधारण 18 मायक्रॉनची, 78 ची 75 च्या आसपास. जाड खाचेत बारीक सुई घातली की ती तळाशी घासत जाते आणि तळाशी असते ती सगळी धूळ. दोन्ही सुयांनी एकच तबकडी वाजवली. पहिल्या वेळी पावसात कोणीतरी गातंय असं वाटत होतं. दुसऱ्या वेळी माणूस खोलीत आला. हे 3,900 रुपये वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा.

अजून दोन गोष्टी. 78 वर खाच फक्त आडवी हलते, म्हणून डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनो केला की उभी खरखर बरीच वजा होते. आणि आजच्या प्रीअँपमध्ये (सुईकडून येणारा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या डब्यात) एलपीचं स्वरसंतुलन ठरवून दिलेलं असतं. ते प्रमाण 1950 च्या दशकात रुळलं, त्याआधी ज्या त्या कंपनीची रीत वेगळी. त्यामुळे जुनी 78 त्यातून दबलेली ऐकू येते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वरची, बारीक आवाजांची पट्टी थोडी उचलली, कानाला बरं वाटेपर्यंत. याहून शास्त्रशुद्ध करता येतं, मी केलेलं नाही.

21 जुलै

नोंदीपुरते आकडे : 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ. तासाला साधारण 2 जीबी, म्हणजे चाळीस मिनिटांच्या एलपीला 1.4 जीबी. नंतर फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात बदलते, त्यात आवाजाचं काही जात नाही आणि जागा खूप वाचते. पातळी अशी धरते की सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये.

सगळ्या फाइलींत गुंऽऽ असा आवाज येत होता. दोन संध्याकाळी गेल्या. कारण : टर्नटेबलची अर्थची हिरवी तार प्रीअँपच्या स्क्रूला न लावता मी नुसती बाजूला सोडली होती.

वेळ सांगते, कारण हे कोणी आधी सांगत नाही. एक एलपी धुणं, वाळवणं, दोन बाजू वाजवणं, तुकडे करणं, नावं घालणं : पावणेदोन तास. वाजायला लागतो तेवढा वेळ लागतोच, त्यात घाई चालत नाही.

28 जुलै

आतापर्यंत केलेल्या 31 फाइली रद्द.

खरखर घालवणारं फिल्टर जोरात लावलं होतं. हेडफोनवर स्वच्छ वाटलं, म्हणून सगळ्यांना एकदम लावून टाकलं. आज मामांना ऐकवलं. डोळे मिटून बसले होते. दीड मिनिटाने म्हणाले, "तंबोरा कुठे गेला?"

गेलाच होता. ते फिल्टर अखंड चालणाऱ्या, एकसारख्या आवाजाला गोंगाट समजतं. आणि तंबोरा म्हणजे दुसरं काय? अखंड, एकसारखा, मागे मागे. गाणं पुसून कोरं केल्यासारखं झालं होतं, आणि शब्दांच्या शेवटी आवाज पाण्याखालून आल्यासारखा लोंबत होता. मूळ फाइली ठेवल्या होत्या, एवढंच बरं केलं होतं. आता नियम : मूळ फाइलीला हात लावायचा नाही. ऐकायच्या प्रतीत फक्त मोठे टकटक आवाज हाताने काढायचे, बाकी खरखर राहू द्यायची. पाच मिनिटांत कान ती विसरतात.

3 ऑगस्ट

हार्ड डिस्क टेबलावरून पडली. 23 एलपींच्या फाइली त्यावरच होत्या, दुसरी प्रत नाही. दुरुस्तीवाल्याने 18,000 सांगितले, दिले नाहीत. एलपी अजून हातात आहेत म्हणून पुन्हा वाजवता येतील, चाळीस तास जातील. पण रेकॉर्डी आधीच देऊन टाकल्या असत्या तर? आजपासून दोन डिस्क, त्यातली एक बहिणीच्या घरी नाशिकला. दोन्ही मिळून 9,200 रुपये. आणि दोन्हीकडे फाइल उघडून वाजते हे पाहिल्याशिवाय एकही रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाही.

11 ऑगस्ट

कॅसेटचा डबा आज उघडला, आणि दोन महिने वाया घालवले हे कळलं.

63 पैकी 40 विकतच्या आहेत. काही कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या, मैफलींच्या ध्वनिमुद्रणांच्या. उरलेल्या 23 मामांनी स्वतः भरलेल्या. गणपतीतली गाणी, वाईच्या घाटावरची कीर्तनं, 1983 सालची घरातली एक बैठक, आजीच्या ओव्या. यांची जगात दुसरी प्रत नाही. आणि नेमक्या याच मरायला टेकल्यात. तीन कॅसेटमधली स्पंजाची गादी पत्रीवरून सुटून आत पडली होती. एकीची फीत आतल्या आत चिकटलीये. एक वाजवली तर डेकच्या हेडवर, फीत जिथे घासत जाते तिथे, तपकिरी भुकटी जमली. ती भुकटी म्हणजे आवाजच.

लाखेची तबकडी हातातून पडली नाही तर शंभर वर्षं टिकते, आपल्याकडच्याच टिकल्यात. एलपी तर सहज टिकते. मी मात्र आधी त्या एलपी करत बसले ज्यांतली निम्मी गाणी फोनवर कोणालाही मिळतात. जे कोणी हे काम सुरू करणार असतील त्यांनी पहिल्या दिवशी घरात भरलेल्या कॅसेट काढाव्यात. बाकी सगळं थांबू शकतं.

आज सगळं बाजूला ठेवून आजीच्या ओव्यांची कॅसेट घेतली. गादी दुसऱ्या, रिकाम्या कॅसेटमधून काढून बसवली. वाजली, पण आवाज घोंगडीतून आल्यासारखा. डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी पाव फेरा फिरवला, हेडचा कोन बदलला, आणि जात्याची घरघर एकदम समोर आली. त्या घरघरीवर आजी. मामी स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन तशाच बाहेर आल्या. प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू नव्याने लावावा लागतो, कारण ती ज्या डेकवर भरली त्याचा कोन वेगळा असतो.

18 ऑगस्ट

रेकॉर्डींचे तीन ढीग केले. हेच मुद्रण फोनवर मिळतं. गाणं मिळतं पण मुद्रण दुसरं. कुठेच मिळत नाही.

मधला ढीग माझ्या अंदाजाच्या तिप्पट झाला. नाव तेच, गायक तोच, पण नंतर पुन्हा गाऊन मुद्रित केलेलं, मागे जास्त वाद्यं घातलेलं. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीत जी घाई होती, एका तानेत सगळं सांगून टाकायची, ती नंतरच्या मुद्रणात राहिलेली नाही. एका ॲपवर खाँसाहेबांचं मुद्रण तेच मिळालं, पण आमच्या चेंजरसारखंच चढ्या वेगात.

एका अगदी जुन्या तबकडीचं लेबल पुसलंय, गायिका कोण ते वाचता येत नाही. गाणं संपल्यावर ती स्वतःच नाव सांगते, पण तेवढ्यात खाच झिजलेली आहे. सुरुवातीच्या काळात मुद्रणाच्या मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून कलाकार शेवटी नाव बोलत. म्हणून सांगते, 78 ची फाइल करताना गाणं संपलं की लगेच कापू नका. सुई आतल्या कोऱ्या वर्तुळात जाईपर्यंत मुद्रण चालू ठेवा. त्या कोऱ्या भागावर कोरलेला क्रमांकही लिहून घ्या, लेबल गेलं तरी तो राहतो. या क्रमांकांवरून शोध घ्यायचा तर सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक फार कामाचे आहेत. 1990 साली मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेने भारतीय तबकड्यांबद्दल खूप लिहून ठेवलंय.

25 ऑगस्ट

मामांबरोबर निवड. मला वाटलं होतं, पहिला ढीग सरळ जाईल.

गीतरामायणाचा एलपींचा संच पहिल्या ढिगात होता. सुधीर फडक्यांच्या आवाजातलं हे मुद्रण फोनवर सहज मिळतं. जागा जाते बरीच. मी म्हटलं, हा सोडूया. मामा हो म्हणाले, लगेच. मी चकित झाले. ते म्हणाले, "माझं गीतरामायण यात नाहीच. 1955 ला मी बारा वर्षांचा होतो. पुणे केंद्रावर दर आठवड्याला नवं गाणं, वेगवेगळे गायक. ते रेडिओवरचं कानात आहे. हे छान आहे, पण हे नंतरचं."

उलट एक साधी ईपी, दोन्ही गाणी कुठेही मिळणारी, ती त्यांनी हातातून सोडली नाही. पाकिटावर निळ्या शाईत मामींची लग्नाआधीची सही आहे. मी तिची फाइलही केली नाही, गरज नाही.

सोडायच्या ठरल्या : 47 एलपी, 29 ईपी, 13 लाखेच्या (त्यातल्या सहा तडकलेल्या). एकूण 89. उरल्या 122.

एक सूचना : केलेल्या फाइली घरात ऐका, इंटरनेटवर टाकू नका. मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं असतो, आणि मुद्रण जुनं असलं तरी कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो.

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. आज 89 रेकॉर्डींची विल्हेवाट लावली. जुन्या बाजारात नेल्या तर सरसकट वीस रुपये म्हणाले, परत आणल्या. संगीत शिकणाऱ्या एका मुलाने 52 घेतल्या, त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. एका संग्राहकांनी 24 घेतल्या, 6,000 रुपये दिले. तडकलेल्या सहा मामींनी ठेवून घेतल्या, का ते विचारलं नाही. सात राहिल्या, माझ्याकडे आहेत.

15 सप्टेंबर, कोथरूड

सामान आलं. रेकॉर्डी उभ्या लावल्या, एकमेकींवर आडव्या रचायच्या नाहीत, लाखेच्या वजनाने खालच्या तडकतात. दहा तोलून पाहिल्या, दोन किलोच्या वर भरल्या. जुनी प्लॅस्टिकची पाकिटं, ज्यांत बुरशी धरली होती, ती फेकली. साधी कागदी पाकिटं शिवली, त्याने जाडीही कमी झाली. 122 रेकॉर्डी 57 सेंटिमीटरमध्ये बसल्या.

एकूण खर्च : चेंजर 1,800, टर्नटेबल 16,500, सुई 3,900, डिस्क 9,200, धुण्याचं सामान आणि पाकिटं 2,350. बेरीज 33,750. आले 6,000. वेळ, नोंदवहीप्रमाणे, 214 तास.

29 सप्टेंबर

मामांची नजर आता फार अंधुक झालीये. फोनवर गाणं शोधणं त्यांना जमत नाही, दुसऱ्याला सांगावं लागतं. म्हणून फाइली एका छोट्या प्लेअरवर घातल्या, तीन मोठी बटणं असलेला. दिवसभर तो चालू असतो. मामी पोळ्या करताना आजीच्या ओव्या लावतात. हे तबकडीने झालं नसतं.

पण संध्याकाळी सहाला ते कपाटाशी बसतात. हात फिरवत जातात. लाखेची कड जाड आणि थंड लागते, एलपीची पातळ. कोणती कितवी हे त्यांना पाठ झालंय. लेबलच्या भोकावर अंगठा ठेवून रेकॉर्ड खुंटीवर बसवतात, मग डाव्या हाताची तर्जनी टर्नटेबलच्या कडेला टेकवून त्या आधाराने सुई सोडतात. आजवर एकदाही ओरखडा नाही. काल हिराबाईंची ती तबकडी होती. शाबूत बाजू नाही, मी बिघडवलेली. सूं असा आवाज आला, गेला, ते ऐकत राहिले.

बाकी काम : घरी भरलेल्या कॅसेटपैकी नऊ राहिल्यात. चिकटलेली फीत कोणी सुरक्षित सोडवली असेल तर पद्धत कळवावी, मी अजून हात लावलेला नाही.